तिसरे आवर्तन

सिल्वाश,
११ ऑक्टोबर १९६२

चि. देनेश यास एलेमेरचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

परवा तुझा नामदिन झाला, तुझ्या नावाच्या संताचा दिवस. तुझ्या बहिणीने, रोझालियाने, आलुबुखार भरून बटाट्याचे गोळे उकडले, तुझ्या वाटचे मी खाल्ले, आणि तुला दीर्घायुष्य चिंतून आडवा झालो. मेहुण्याने याहून अधिक त्याग करावा असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही.

इकडे क्षेम आहे, म्हणजे जे काल दुखत होते तेच आज दुखते. शाळेत माझे रशियन यथाशक्ति चालू आहे. लॅटिन बंद झाले तेव्हा मुलांच्या एक धडा पुढे राहायचे असे मी ठरवले होते. यंदाची मुले कुशाग्र निघाली. कधी कधी तीच एक धडा पुढे असतात. उमेदीत शिकलेले संस्कृत तेवढे शिल्लक आहे. ते सरकारने बंद केले नाही, कारण चालू आहे हे त्यांना ठाऊक नाही.

तुझी नवी संगीतिका राजधानीत शंभर प्रयोगांच्या घरात गेल्याचे वर्तमानपत्रात वाचले. रोझालियाने ते कात्रण आईंच्या नजरेस पडेल असे टेबलावर ठेवले होते. आईंनी त्यावर वाटाणे निवडले. रेडिओवर तुझी चाल लागली की त्या अजूनही उठून खटका बंद करतात. गुडघे धरलेत, तरी उठतात. मी एकदा म्हटले, राहू द्या, मी बंद करतो. तर म्हणाल्या, जावईबापू, तुमचा भाऊ नेला नाही त्या चारचाकीने.

आता मूळ विषय. आईंना अठ्ठ्याहत्तरावे लागले, छाती भरून येते. त्यांचे मागणे एकच आहे, तुला ठाऊक असलेले. त्यांच्या थोरल्याची, मात्याशची घंटा. गिरणीत रांगेत उभे राहून धान्यवसुलीबद्दल एक वाक्य बोलला म्हणून मात्याशला पकडून नेले, त्याला गेल्या महिन्यात अकरा वर्षे झाली. दगडखाणीवरून सुटून आलेल्या माणसाने आपल्याच स्वयंपाकघरात बसून सांगितले की तो त्रेपन्नच्या जानेवारीत वारला. परंतु मृत्यू तोंडी चालत नाही. मी चार अर्ज केले. चारही वेळा उत्तर आले की या नावाची व्यक्ती आमच्याकडे कधी नव्हती. जो नव्हताच तो मरेल कसा? तर्कशास्त्र निर्दोष आहे. पाद्रीबाबा म्हणतात कागद आणा, घंटा लगेच वाजवतो. ग्रामपरिषदेचे अध्यक्ष फोदोर म्हणतात, कागद नाही तर माणूस जिवंत आहे, आनंद माना.

आणि आपल्या गावात घंटा झाल्याशिवाय कोणी मेलेले नसते, हे तू विसरला नसशील. बाईसाठी दोन आवर्तने, पुरुषासाठी तीन. शेतात असलेला माणूस कुदळ थांबवून मोजतो, तिसरे झाले की टोपी काढतो. मात्याशसाठी कोणी टोपी काढलेली नाही. आईंना एवढेच हवे आहे, त्यांचे डोळे मिटायच्या आत.

तुझ्या प्रयोगांना मोठी माणसे पहिल्या रांगेत बसतात म्हणे. त्यांपैकी एखाद्याला मध्यंतरात विचारशील का? तसेच, आपली पत्रे वाटेत आणखी एक रसिक वाचतो असा माझा जुना समज आहे. तेव्हा त्यालाही आवडेल असेच लिहीत जा.

लोभ आहेच. तो वाढवायला अर्ज करावा लागत नाही, हे बरे.

तुझा,
एलेमेर


बुडापेस्ट,
४ नोव्हेंबर १९६२

ती. भावोजींना देनेशचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. एदित आणि दोन्ही मुली बऱ्या आहेत. धाकटीला पियानोचा कंटाळा आहे. तिच्यात सारासार विचार दिसतो.

मी विचारलं. मध्यंतरात नाही, कचेरीत जाऊन विचारलं. ते गृहस्थ फार गोड वागले. कॉफी मागवली, माझ्या दुसऱ्या अंकातलं गाणं गुणगुणले, तेही चुकीच्या पट्टीत. मग म्हणाले, देनेश, मेलेल्यांची चौकशी केली की जिवंतांच्या कामात खोळंबा होतो. मी कॉफी पिऊन परत आलो. भावोजी, मी कप खाली ठेवून उठायला हवं होतं. कॉफी संपवली.

एक गोष्ट तुम्हाला कधी लिहिली नाही. मात्याशला नेलं त्या दिवशी रोझीची तार थिएटरवर आली होती. रंगीत तालीम चालू होती. नव्या गावावरची ती आनंदी संगीतिका, जिला नंतर बक्षीस मिळालं, तीच. मी तार खिशात घातली आणि वादकांना म्हणालो, पुन्हा, सुरुवातीपासून. मनाशी म्हटलं, प्रयोग लागला की जातो. मग म्हटलं, पंधरा प्रयोग होऊ देत. नाताळात आलो तेव्हा आईनं जेवायला वाढलं आणि विचारलं, गाणी छान झाली का. त्यानंतर तिनं माझ्या गाण्याबद्दल काहीही विचारलेलं नाही.

आता बातमी. माझ्याकडे एक चित्रपट आलाय आणि तो, हसू नका, सिल्वाशमध्येच घेताहेत. दिग्दर्शकाला आपला ओढा आणि चर्च आवडलं. कथा अशी: एक हट्टी म्हातारी आपली जमीन सामुदायिक शेतीला द्यायला तयार नसते. शेवटी तिला उमगतं, ती सही करते आणि शांतपणे मरते. घंटा वाजते, नांगर चालू लागतात, समाप्त. ती घंटा आपल्याच चर्चची टेपवर घ्यायची आहे. पंधरा दिवसांत ध्वनिमुद्रक येईल. त्याला घंटा वाजवणाऱ्या गास्पारकाकांकडे न्याल का? काका परक्या माणसावर कुत्रं सोडतात.

कागदाचं जमलं नाही, हे आईला तुम्हीच सांगा. माझ्याकडून ऐकण्यापेक्षा तुमच्याकडून बरं.

आपला,
देनेश


सिल्वाश,
५ डिसेंबर १९६२

चि. देनेश यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

सिनेमावाले आले, राहिले आणि गेले. गावातली फळांची दारू, पालिंका, संपली आणि शेजारच्या वायोलाच्या पोरीचे लग्न मोडता मोडता वाचले. एकंदरीत कलेची सेवा उत्तम झाली. तुझी ती म्हातारी, म्हणजे नटी, साठीचीही नाही. सबंध दिवस मरून दाखवीत होती आणि मध्ये मध्ये उठून सिगारेट ओढत होती. सही करून मरते ही कल्पना मला आवडली. आमच्याकडे अनेकांच्या बाबतीत क्रम निराळा पडला, परंतु कलेत सवलत असते. आईंची बदके सिनेमात आहेत. सात बदके ओढ्याकडे जातात असे दृश्य असून त्यांनी एकाच खेपेत बरोबर केले, असे दिग्दर्शक म्हणाल्यापासून आईंची मान ताठ झाली आहे.

आता घंटेचा वृत्तान्त. तुझ्या ध्वनिमुद्रकाला घेऊन मी चर्चच्या बुरुजापाशी गेलो. गास्पारकाकांनी विचारले, कोण गेले? मी म्हटले, कोणी नाही, सिनेमातली बाई. काकांनी दोर सोडून दिला. म्हणाले, चाळीस वर्षांत मी खोटा माणूस मारलेला नाही. दोन आवर्तने वाजवली तर लोक कामे टाकून धावत येतील, दारोदार विचारतील, म्हाताऱ्या बायका आपापल्या जावांच्या घरी रडायला पोचतील. त्यांना काय सांगू, बॅटरीवर चालणाऱ्या पेटीत मेली म्हणून? ध्वनिमुद्रकाने सिगारेटचे पाकीट पुढे केले. काकांनी घेतले आणि तरीही नाही म्हणाले. हे खरे चारित्र्य.

अखेर तोड निघाली. दुपारी बाराची रोजची घंटा काका वाजवणारच होते. ती कोणाचीच नसते. तीच टेपवर घेतली. ध्वनिमुद्रक म्हणाला, पुरे आहे. हवी तेवढी आवर्तने संगीतकार कापून जोडून घेतील. म्हणजे पाहा, सिल्वाशच्या बुरुजाची किल्ली आता तुझ्या टेबलाच्या खणात आहे, आणि तुला कोणी कागद विचारणार नाही! मी हे येताना गमतीने रोझालियाला म्हणालो. ती हसली नाही.

कागदाचे आईंना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. नंतर पिसे उपटता उपटता म्हणाल्या, त्या सिनेमातल्या बाईला घंटा मिळते. तिला कागद कोणी दिला? मी उपटलेली पिसे गोळा करू लागलो.

डुक्कर कापण्याचा बेत एकोणीस तारखेला आहे. मुलींसाठी सॉसेज पाठवतो. वाटेत आपले तिसरे रसिक ते वाचणार नाहीत अशी आशा करू.

जिव्हाळा ठेवावा, असे तुला सांगणे म्हणजे बदकाला पोहायला सांगणे.

एलेमेर


बुडापेस्ट,
२४ फेब्रुवारी १९६३

ती. भावोजींना सा. न. वि. वि.

तुमचा नामदिन चार दिवसांवर आला, आधीच शुभेच्छा देऊन ठेवतो. सॉसेज पोचलं, संपलं, मुली अजून त्याविषयी बोलतात.

चित्रपटाचं काम चालू आहे. हे काम कसं असतं तुम्हाला गंमत वाटेल. थिएटरात गाणारी बाई श्वास घ्यायला थांबली तर आम्ही थांबतो. इथे कोणी कोणासाठी थांबत नाही. मी पडद्यासमोर स्टॉपवॉच घेऊन बसतो. म्हातारी खिडकीकडे बघते, नऊ सेकंद. हात खाली पडतो, तीन सेकंद. घंटेचं दृश्य चोवीस सेकंदांचं आहे. गास्पारकाकांच्या दुपारच्या घंटेचा तुकडा घेतला, मधे शांतता जोडली, पुन्हा तुकडा. दोन आवर्तनं चोवीस सेकंदांत नेमकी बसतात.

गेला आठवडाभर तीच टेप लावतोय. घंटेच्या कडेवर तो तडकल्यासारखा आवाज आहे ना, तो टेपवर स्वच्छ आलाय. लहानपणी मात्याश म्हणायचा, आपल्या घंटेचा दात पडलाय. मला त्याचा आवाज आठवत नाही, भावोजी. हे वाक्य आठवतं, आवाज नाही. मी सुरांवर पोट भरणारा माणूस.

दिग्दर्शकाकडे मी आणखी चौदा सेकंद मागितली आहेत. तो विचारत होता, कशाला? म्हटलं, संगीताला दम घ्यायला जागा हवी. तो म्हणाला, म्हातारीला दम राहिलेला नाही, संगीताला कशाला हवा? पण तो विचार करतोय. तो शहरात जन्मलेला आहे. घंटा त्याच्या मते घंटा असते.

तुम्ही चौदा सेकंदांबद्दल काय म्हणता? तुम्ही मोजण्याबाबत काटेकोर.

आपला,
देनेश


सिल्वाश,
३ मार्च १९६३

चि. देनेश यास आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र मी तीन वेळा वाचले. बायकोला न दाखवता चौथ्यांदा वाचत असताना तिने ते काढून घेतले.

चौदा सेकंद हा फार मोठा काळ आहे. तेवढ्यात मनुष्य जिना उतरून खाली थांबलेल्या गाडीत बसू शकतो. मी जुना मास्तर आहे म्हणून स्मरण देतो: सिनेमात मरते ती बाई आहे. बाईची आवर्तने दोन. त्यात कोणताही विकल्प नाही. तुझ्या पदरी दोन मुली आहेत, येत्या हिवाळ्यात नव्या संगीतिकेचा करार आहे, आणि आजवर तुझ्या नावापुढे कोणी प्रश्नचिन्ह काढलेले नाही. बुरुजाच्या किल्लीचा विनोद मी केला होता, तो मागे घेतो. माझ्या विनोदांचे आयुष्य वर्गाच्या भिंतीपर्यंतच असते; त्यांना राजधानीत नेऊ नये. आईंनी तुझ्याजवळ हे मागितलेले नाही. त्यांनी कागद मागितला होता. तो मिळाला नाही, तो दोष तुझा नाही. चोवीस पुरेत.

मी घाबरलो आहे असे तुला वाटेल. ते बरोबर आहे.

एलेमेर

ता. क. दादा, मी रोझी. ह्यांनी वर लिहिलेलं सगळं खरं आहे आणि तू ऐकू नकोस. हे रात्री झोपेत रशियन क्रियापदं चालवतात, असल्या माणसाचा सल्ला कुणी घेतो का? एदितला मात्र विचार. तिला न विचारता काही केलंस तर मीच तुझा कान पिरगाळीन. ती हो म्हणाली तर चौदा सेकंद घे. मिळत असतील तर पंधरा घे. गास्पारकाका मधे जरा जास्तच थांबतात.


बुडापेस्ट,
१२ सप्टेंबर १९६३

ती. भावोजी आणि सौ. रोझी यांस सा. न. वि. वि.

उन्हाळाभर पत्र नाही, माफी असावी. संगीत मेमध्ये पुरं झालं. दिग्दर्शकानं सेकंद दिली. नांगरांचं दृश्य थोडं कापलं आणि म्हणाला, नांगर काय, सगळ्यांनी पाहिलेत. चित्रपट समितीनं पाहिला. एकानं विचारलं की म्हातारी सही करताना इतकी दुःखी का दिसते. संगीताबद्दल कोणी काही विचारलं नाही. संगीताबद्दल सहसा कोणी विचारत नाही.

एदितशी त्याआधीच बोललो होतो. ती भांडी घासत होती. थांबली नाही, पण पुढच्या बशा तिनं फार हळू ठेवल्या. म्हणाली, तू मात्याशची ती तार खिशात घातलीस ती मी तुझ्या कोटातून काढून ठेवली होती. अजून माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. तो मी होकार धरला.

दोन आठवड्यांनी सिल्वाशच्या संस्कृतिभवनात खेळ लागतोय, अठ्ठावीस तारखेला, शनिवारी, संध्याकाळी पाचला. आईला न्या. माझं नाव काढू नका, बदकं आहेत म्हणा. तिला दाराजवळ बसवा, म्हणजे नको वाटलं तर उठता येईल. मी येत नाही. आलो तर लोक पडदा सोडून माझ्याकडे बघतील.

माया असू द्या. मला ती यंदा नेहमीपेक्षा जास्त लागणार आहे.

देनेश


सिल्वाश,
३० सप्टेंबर १९६३

चि. देनेश यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र तक्रारीचे आहे, सावरून बस. तुझ्या संगीतात एक ढोबळ चूक सापडली असून ती समस्त सिल्वाशने पाहिली आहे. तुझ्या माहितीसाठी, आणि आपल्या तिसऱ्या रसिकाच्याही माहितीसाठी, साद्यंत कळवतो.

सभागृह भरले होते. बाकावर तीनच्या जागी पाच जण. अध्यक्ष फोदोर पुढे, खुर्चीवर. आई बदकांसाठी आल्या. बदके ओढ्याकडे निघाली तेव्हा त्यांनी एकेकाला नावाने ओळखले आणि मोठ्याने सांगितले की तिसरे गेल्या नाताळात खाल्ले. लोक हसले. मध्ये तुझी वाद्ये वाजत होती. आई उठल्या नाहीत. बंद करायला खटका नव्हता, हे एक कारण असू शकेल.

म्हातारीने सही केली. मग हात खाली पडला. घंटा सुरू झाली. आपलीच घंटा, दात पडलेली. सभागृहात जी काही कुजबुज चालली होती ती थांबली, कारण ती घंटा ऐकताना या गावात कोणी बोलत नाही. पहिले आवर्तन झाले. बायका ओठांत मोजू लागल्या, सवय. दुसरे झाले. येथे ते दृश्य संपायला हवे होते. लोकांनी श्वास सोडला, कोणी खोकले, कोणी टोपी उचलली. परंतु पडद्यावरची खिडकी तशीच राहिली, रिकामी, आणि काही वाजेना. किती वेळ ते तुलाच ठाऊक.

आणि तिसरे आवर्तन सुरू झाले.

प्रथम गास्पारकाका उभे राहिले. कोणाकडे न पाहता त्यांनी टोपी काढली. त्यांच्या मागे गिरणीवाला. मग बाकांचा आवाज होत गेला, एकेक रांग, जणू गावात कोणीतरी दारे उघडीत चालले आहे. सगळे उभे. पडद्यावर म्हातारी मेलेली होती आणि तिच्याकडे कोणी पाहत नव्हते. रोझालियाने माझा दंड इतका घट्ट धरला की अजून निळा आहे. फोदोर मागे वळून पाहत राहिले. तेही या गावचेच, त्यांच्याही बापाला तीन वाजली होती. ते उभे राहिले. आज शाळेत येऊन मला म्हणाले की कमरेत उसण भरली होती, खुर्ची बोचत होती. मी म्हटले, त्या खुर्च्या वाईटच आहेत. मग म्हणाले, तुमच्या मेहुण्याची ही चूक झाली आहे, त्यांना कळवा. म्हणून कळवतो.

आई बसूनच होत्या. ज्याच्या घरचे माणूस जाते तो घंटेला उभा राहत नाही, तो बसतो. हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही. दिवे लागल्यावर एकेक जण त्यांच्यापुढून गेला, हात हातात घेतला आणि काही न बोलता बाहेर पडला. एवढ्या बोलघेवड्या गावाकडून मला ही अपेक्षा नव्हती.

घरी आल्यावर त्यांनी, मृत्यू झालेल्या घरात करतात तसे, आरशावर काळी शाल टाकली आणि भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक हाताने थांबवला. मात्याशचे बूट बारा वर्षे दाराआड होते, ते सकाळी गास्पारकाकांकडे पाठवले. काकांना ते दोन बोटे लहान होतात. तरी घालून हिंडत आहेत, लंगडत.

तुझ्याविषयी एकच विचारले, देनेशने हे स्वतः मोजले का. मी म्हटले, होय, घड्याळ लावून. तर म्हणाल्या, लहानपणी त्याला मोजता येत नव्हते, मात्याशच शिकवायचा.

अशी ही चूक. पुनश्च करू नयेस, आणि केली ती बरी केलीस. हे शेवटचे वाक्य खोडायचे राहिले असे समज.

एलेमेर


बुडापेस्ट,
८ डिसेंबर १९६३

ती. भावोजींना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी एदितला मोठ्यानं वाचून दाखवायला घेतलं. बदकांपर्यंत मी वाचलं. पुढचं तिनं वाचलं.

नोव्हेंबरात एका मासिकात परीक्षण आलं. चित्रपटाची स्तुती होती. लिहिणारा तिसा नदीकाठचा, खेड्यात वाढलेला. शेवटी दोन ओळी होत्या: दुर्दैवानं संगीतकाराला आपल्याच देशातलं खेडं माहीत नाही, बाईला पुरुषाची घंटा वाजवतो. तो बिचारा प्रामाणिकपणे लिहून गेला. मग कोणीतरी माझं जन्मगाव पाहिलं, मग घरातल्यांची नावं.

मला कचेरीत बोलावलं. कॉफी नव्हती. म्हणाले, दोन शक्यता आहेत. एक, तुम्हाला आपल्या लोकांच्या चालीरीती माहीत नाहीत. दोन, माहीत आहेत. कुठली, ते तुम्ही सांगा. मी पंचवीस वर्षं शहरात आहे, सेकंदांच्या हिशेबात गल्लत झाली असं सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि त्याखाली माझी सही घेतली. ते निवेदन छापून आलं. काल ट्रॅममध्ये एक जुना व्हायोलिनवाला भेटला. म्हणाला, देनेश, तीनपर्यंत मोजता येत नाही तर तीन ठोक्यांचे वाल्ट्झ कसे लिहिलेस इतकी वर्षं? सगळी ट्रॅम हसली. मीही हसलो.

हिवाळ्याची संगीतिका दुसऱ्याला दिली. रेडिओवरून माझी गाणी काढली आहेत, काही काळापुरती असं म्हणतात. चित्रपटाच्या सगळ्या प्रती मागवून तिसरं आवर्तन कापलं. मी स्वतः कापावं असं सुचवलं गेलं, आणि मी कापलं. चौदा सेकंदांची फीत साधारण साडेसहा मीटर भरते. मला जानेवारीपासून बाहुल्यांच्या थिएटरात पियानो वाजवायचं काम मिळालंय. लांडगा आणि सात करडं. बरं आहे ते. बाहुल्या श्वास घ्यायला थांबत नाहीत.

मला पस्तावा होत नाही असं लिहायचं होतं. रोज होतो, सकाळी, दाढी करताना. मग तुमचं ते पत्र वाचतो. मला एक विचारायचंय आणि तुम्ही विनोद करू नका. आई काही म्हणाली का, माझ्या गाण्याबद्दल?

देनेश


सिल्वाश,
१७ डिसेंबर १९६३

चि. देनेश यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

विनोद करीत नाही. करायला गेलो तरी आज जमणार नाही.

कापलेली प्रत गेल्या शनिवारी येथे दाखवली. फोदोरनी दवंडी देवविली, प्रवेश विनामूल्य ठेवला. सभागृहात फोदोर होते, यंत्र चालवणारा होता, आणि दुसऱ्या गावची एक बाई जी बस चुकल्याने उबेला आत आली होती. गास्पारकाकांना मी विचारले तर म्हणाले, पूर्ण ऐकून झाले आहे, अर्धे ऐकायला कशाला जाऊ.

आता आई. घंटेनंतर चाळीस दिवस त्यांनी घरात काही वाजू दिले नाही. त्यानंतर एका संध्याकाळी, साधारण तुला बोलावले होते त्याच सुमारास, त्या आपण होऊन रेडिओपाशी गेल्या आणि खटका फिरवला. खुर्ची ओढून बसल्या. मी विचारले, बातम्या हव्यात का. म्हणाल्या, देनेशचे लागेल ते ऐकायचे आहे. त्या दिवशी लागले नाही. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा बसल्या. देनेश, त्या महिनाभर रोज बसल्या, छातीला पट्टा बांधून, कान जाळीला लावून. सैनिकी बँड लागतो, ट्रॅक्टरची माहिती लागते, सर्व ऐकतात. प्रत्येक गाण्याला विचारतात, हे त्याचे का? मी आधी सांगितले की हवामान खराब आहे. मग सांगितले की रेडिओची नळी गेली आहे. माझ्या खोटेपणाला मर्यादा आहे, आणि रोझालियाच्या संयमाला तर फारच. परवा तिने तुझे पत्र वाचून दाखवले, सगळे. अगदी ट्रॅमसकट.

आई म्हणाल्या, बारा वर्षे मी बंद केला, आता त्यांनी केला. माझे तेवढे तरी त्याला ठाऊक होते, मी का बंद करते. मग खटका फिरवून रेडिओ बंद केला आणि वर विणलेला रुमाल टाकला.

सकाळी उठून त्या काठी घेऊन एकट्या संस्कृतिभवनात गेल्या. फोदोरच्या कचेरीत उभ्या राहून म्हणाल्या, नाताळात इथला पियानो आठ दिवस आमच्याकडे हवा. फोदोरनी विचारले, कागद आहे का? त्यांनी म्हटले, नाही. फोदोर म्हणाले, बरं. काल चौघांनी तो बैलगाडीवरून आणला. स्वयंपाकघरात ठेवला आहे, कारण शेगडी तेथेच आहे. आता जेवायला बसताना मला त्याच्या खालून जावे लागते. सात पट्ट्या मुक्या आहेत. गास्पारकाका म्हणतात त्यांची घंटा वाजवू का. तुझी आई त्याला सारखी पुसते आणि कोणाला हात लावू देत नाही.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर: होय, म्हणाल्या. त्या म्हणाल्या, रेडिओवर तो येत नसेल तर त्याने स्वतः यावे. सुरुवातीपासून वाजवावे. पहिल्या नाटकापासून, मी जी जी बंद केली ती सगळी. आणि त्या बक्षीसवाल्यापासून सुरू केले तरी चालेल, असे म्हणाल्या. ते नाव घेताना थोड्या थांबल्या, पण म्हणाल्या.

तेव्हा एदितला आणि मुलींना घेऊन ये. सकाळी सहा चाळीसची गाडी धर, स्टेशनवर मी असेन. खसखशीचा रोल झाला आहे. सात पट्ट्यांचे काय करायचे ते तू जाण. आईंनी खुर्ची आधीच पियानोला लावून ठेवली आहे, उजव्या कानाच्या बाजूने.

लोभ येथेच ठेवला आहे, घेऊन जायला ये.

तुझा,
एलेमेर